रस्त्याचा गाभा काढून तपासता, मग मीटरमधला कोड कोण तपासणार?

२७ जून २०१७. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक अख्खं टर्मिनल बंद पडलं. संप नव्हता, वादळ नव्हतं, क्रेनही मोडली नव्हती. मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाकडे असलेलं हे गेटवे टर्मिनल. युक्रेनमध्ये सुटलेला नॉटपेट्या नावाचा व्हायरस समूहाच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि संगणक उघडेनात. कुठला कंटेनर कुणाचा, यार्डात कुठे ठेवलाय, कुठल्या ट्रेलरवर चढवायचा, हे सगळं संगणकाला माहीत. मर्स्कने नंतर स्वतः सांगितलेलं एकूण नुकसान २० ते ३० कोटी डॉलरचं होतं. चाकणच्या कारखान्यांचा माल याच बंदरातून बाहेर जातो, तेव्हा 'कुठेतरी युक्रेनमध्ये झालं' म्हणून सोडून देण्यासारखं हे प्रकरण नव्हतं.

बातम्यांत 'सायबर हल्ला' एवढंच आलं. हल्ला झाला हे खरंच, पण चोर कुठल्या खिडकीतून आला हे फारसं कुणी सांगितलं नाही. नॉटपेट्या ज्या वाटांनी पसरला त्यातली एक होती विंडोजमधला बफर ओव्हरफ्लो. अमेरिकेच्या एनएसएने हे भोक आधीच शोधून त्याचं हत्यार बनवून ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली १४ मार्च २०१७ ला. एप्रिलमध्ये ते हत्यार इंटरनेटवर फुटलं, मे महिन्यात वॉनाक्राय आला, जूनमध्ये नॉटपेट्या. दुरुस्ती हातात असून तीन महिने अनेकांनी लावली नव्हती, तो वेगळा विषय.

मला बोलायचंय त्या भोकाबद्दल. असली भोकं कोड न चालवता, नुसता वाचून शोधण्याचं शास्त्र आहे, आणि त्यात पुणं जगात मागे नाही. तरी पुण्यातल्या आणि आसपासच्या पालिका-नगरपरिषदा जे घेतात त्यात हे शास्त्र कुठेच दिसत नाही. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

तर, बफर ओव्हरफ्लो म्हणजे काय? जुनं हजेरी रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. नावाला वीस चौकटी. शेजारी पगाराचा रकाना. त्याच्या शेजारी 'हा कागद पुढे कुणाकडे जायचा' हा रकाना. आता पस्तीस अक्षरांचं नाव आलं. कारकून असेल तर थांबेल, आद्याक्षरावर भागवेल, साहेबांना विचारेल. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम थांबत नाही. 'आधी मोज' असं त्याला कुणी सांगितलं नसेल तर तो लिहीतच सुटतो. पगाराचा रकाना खोडतो, मग 'पुढे कुणाकडे' हा रकानाही खोडतो. साध्या माणसाच्या हातून असं झालं तर मशीन बंद पडेल, आपण ते चालू-बंद करू. पण ज्याला आतली रचना माहीत आहे तो मुद्दाम असं नाव पाठवतो की शेवटची अक्षरं बरोबर त्या तिसऱ्या रकान्यात पडतात आणि कागद साहेबांकडे न जाता त्याच्या घरी जातो. तिथून पुढे मशीन त्याचं.

हा आजार जुना आहे. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर पहिला मोठा 'वर्म' सुटला, मॉरिस वर्म. त्याची एक वाट अशीच होती. समोरून आलेली ओळ ५१२ अक्षरांच्या जागेत घ्यायची, पण लांबी न मोजता. हे करणारं सीमधलं फंक्शन होतं 'गेट्स'. ते सी भाषेच्या अधिकृत प्रमाणातून काढलं गेलं २०११ च्या आवृत्तीत. तेवीस वर्षं! आपल्या सरकारी परिपत्रकांना उगाच नावं ठेवतो आपण.

विंडोजमधलं भोक यापेक्षा बारीक होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. समजा यादीचा आकार १,००,००० लिहिलाय आणि तो कमी करून ६५,००० करायचा आहे. लिहिणाऱ्याने फक्त शेवटचे पाच अंक बदलले, पुढचा लाखाचा १ तसाच राहिला. झाला आकडा १,६५,०००. कमी करायला गेलो आणि वाढवून बसलो. जागा धरली खऱ्या हिशोबाने, लहान, आणि माल ओतला चुकलेल्या आकड्याने. संगणकात हे दशमानात नसतं. ३२ बिटांच्या आकड्यातले १६ च बिट बदलले गेले होते. पण चूक हीच. एका ओळीतली.

आता मुद्द्यावर येतो. असली ओळ सापडायची कशी?

एक मार्ग म्हणजे प्रोग्रॅम चालवून बघायचा, वेगवेगळी माहिती टाकायची, कुठे कोसळतो ते पाहायचं. हे करायलाच हवं. पण आपण टाकून टाकून किती प्रकार टाकणार? चोर पाठवणार आहे ते नेमकं नाव आपल्याला सुचेलच असं नाही. दुसरा मार्ग म्हणजे स्टॅटिक अ‍ॅनालिसिस. प्रोग्रॅम चालवायचाच नाही. सोर्स कोड एका दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचायला द्यायचा. तो प्रत्येक ठिकाणी हिशोब ठेवतो: इथे जागा किती धरली, इथे जो आकडा येतो तो कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असू शकतो, तो कुठून आला, मध्ये कुणी मोजला का. 'या १८४ व्या ओळीवर जागा वीसची आहे आणि येणारा आकडा बाहेरून येतो, त्याला वरची मर्यादा नाही' असा इशारा तो देतो. आम्हा पत्रकारांच्या भाषेत सांगायचं तर पान छपाईला जाण्याआधी मुद्रितशोधक वाचतो तसं. फरक एवढाच की हा वाचक कंटाळत नाही आणि लाखो ओळी वाचतो.

पुण्याचा संबंध इथे येतो. १९८१ मध्ये टाटांनी पुण्यात टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र काढलं. तिथे सी भाषेतला कोड असा वाचणारं साधन तयार झालं, टीसीएस एम्बेडेड कोड अ‍ॅनालायझर. रकान्याबाहेर लिहिणं, शून्याने भागणं, आकडा मावेनासा होणं, असल्या चुका ते शोधतं. टीसीएसच्या संशोधकांचंच दुसरं साधन व्हेरिअ‍ॅब्स. प्रोग्रॅम नको त्या ठिकाणी पोहोचू शकतो की नाही हे सिद्ध करण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी होते, तिच्यात २०२० आणि २०२१ ला या गटात व्हेरिअ‍ॅब्स पहिलं होतं. जगभरच्या विद्यापीठांच्या साधनांशी टक्कर देऊन. आपल्याकडे कुणाच्या बॅनरवर हे आलेलं मी पाहिलं नाही. या शास्त्राच्या मुळाशी जे आहे, म्हणजे कोडमधून माहिती कशी वाहते याचं विश्लेषण, त्यावरचं २००९ चं एक महत्त्वाचं इंग्रजी पुस्तक उदय खेडकर यांनी दोन सहलेखकांबरोबर लिहिलंय. खेडकर आयआयटी मुंबईत जाण्याआधी नव्वदच्या दशकात पुणे विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवत होते. म्हणजे शास्त्र घरचं आहे.

आणि ते वापरलंही जातं. हिंजवडीत, बाणेरला, खराडीत बसून हजारो पोरं-पोरी गाड्यांच्या ब्रेकचा, इंजिनचा, एअरबॅगचा कोड लिहितात. त्यांना विचारा. 'मिस्रा' नावाची नियमावली असते, १९९८ पासूनची, सीमध्ये काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही याची. कोड स्टॅटिक अ‍ॅनालिसिसमधून गेल्याशिवाय पुढे जात नाही. प्रत्येक इशाऱ्याला एक तर दुरुस्ती, नाही तर लेखी कारण. का? कारण जर्मनीतला किंवा जपानमधला गाडीवाला ते मागतो. नसेल तर माल घेत नाही.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. तपासणी तिथे होते जिथे घेणारा ती मागतो. त्याच पुण्यात, त्याच इंजिनिअरच्या सोसायटीखाली पालिका जे मीटर बसवते, त्याच्या चौकात जो सिग्नलचा डबा लावते, बसमध्ये जे तिकिटाचं मशीन देते, त्यातल्या कोडबद्दल घेणाऱ्याने एक ओळ विचारलेली नसते.

अलीकडे आमच्या भागातल्या एका नगरपरिषदेची पाणीमीटरची निविदा वाचली. शंभराच्या वर पानं. अनामत किती, तीन वर्षांची उलाढाल किती, मीटरच्या डबीत पाणी-धूळ जाऊ नये याचं मानक कुठलं, बॅटरी किती वर्षं टिकली पाहिजे, हे सगळं बारकाईने. बोलीपूर्व बैठकीत तर नळजोडाच्या पितळी आट्यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी. फर्मवेअर हा शब्द अख्ख्या निविदेत एकदा आला: 'अद्ययावत असावे.' बस. आता हे मीटर रेडिओवरून आकडे पाठवतं, बाहेरून आलेला संदेश घेतं. म्हणजे नावाच्या चौकटीत बाहेरचा माणूस लिहू शकतो. तिथे मोजणी आहे की नाही? बैठकीत हा प्रश्न निघाला तेव्हा एका पुरवठादाराचा प्रतिनिधी हसून म्हणाला, "साहेब, आमचं सॉफ्टवेअर हॅक होऊच शकत नाही." इतिवृत्तात ते तसंच उतरलं आणि विषय संपला.

'मीटर हॅक करून कुणाला काय मिळणार' असं म्हणणारे भेटतात. एका मीटरने काही नाही मिळणार. पण सगळ्या मीटरमध्ये तोच कोड असतो. एकात भोक म्हणजे सगळ्यांत भोक. आणि ही नुसती कल्पना नाही. २०१७ मध्येच दाहुआ या चिनी कंपनीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांत असं भोक जाहीर झालं. लॉगिनच्या पानावर पासवर्डची लांबीच तपासली जात नव्हती! पासवर्ड बरोबर असण्याची गरजच नाही, लांबलचक असला की झालं. कॅमेरा आपल्याला बघण्यासाठी लावलेला असतो, तो कोण बघतंय हे आपल्याला कळत नाही, म्हणून हे जास्त टोचतं.

इथे पुणेकरांना लगेच कॉसमॉस बँक आठवेल, ऑगस्ट २०१८, ९४ कोटी. ते प्रकरण इथे मिसळू नका. तिथे बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून खोट्या मंजुऱ्या दिल्या गेल्या. प्रत्येक सायबर गुन्ह्याला एकच औषध नसतं, आणि मी विकतोय ते औषध सगळ्यावर चालतं असं मी म्हणणार नाही.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत मात्र केंद्राने काहीतरी केलं, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीच्या सुरक्षेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या, त्या एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. त्यात सीमधली धोकादायक म्हणून बाद केलेली फंक्शन वापरू नयेत, त्यांच्या जागी सुरक्षित फंक्शन वापरावीत अशी अट आहे, आणि स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचं साधन लावून कोड तपासण्याची पद्धतही दिली आहे. कंपन्यांनी कुरकुर केली, उशीर होतो, कोड का दाखवायचा वगैरे. पण नियम आला. म्हणजे 'असं मागताच येत नाही' हे कारण आता संपलं. कॅमेऱ्याला मागता येतं तर पाणीमीटरला का नाही? सिग्नलच्या डब्याला, तिकिटाच्या मशीनला, विजेच्या स्मार्ट मीटरला का नाही? स्मार्ट मीटरवर राज्यात एवढा गदारोळ झाला, मोर्चे निघाले, सगळा वाद बिलावर. बिल महत्त्वाचंच. पण आतला कोड कुणी वाचलाय का, हा प्रश्न सभागृहात किती जणांनी विचारला?

नियम आधीच्या कॅमेऱ्यांना मागे जाऊन लागत नाहीत, हेही लक्षात ठेवा. एप्रिल २०२५ च्या आधी खांबावर चढलेला कॅमेरा खांबावरच आहे.

आता या साधनाच्या मर्यादा. त्या सांगितल्या नाहीत तर उद्या कुणीतरी 'स्टॅटिक अ‍ॅनालिसिस केले आहे' असा शिक्का बनवेल आणि निविदेला जोडेल.

पहिली गोष्ट, साधन सगळं पकडत नाही. मायक्रोसॉफ्टकडे अशी साधनं २००० सालापासून होती, विंडोजवर चालवलीही जात होती, तरी ती लाखाच्या अंकाची चूक राहिलीच. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड उघड झालं. तिथे रकान्याबाहेर लिहिलं जात नव्हतं, वाचलं जात होतं, शेजाऱ्याची गुपितं बाहेर जात होती. तो कोड सर्वांसाठी खुला होता, दोन वर्षं जगासमोर पडलेला, तरी साधनांच्या नजरेतून सुटला. नंतर साधनवाल्यांनी आपली साधनं सुधारली.

दुसरी गोष्ट उलटी, आणि रोजच्या कामात हीच जास्त त्रास देते. साधन खोटे इशारे देतं. त्याला शंका आली की तो ओरडतो, कारण सुटण्यापेक्षा ओरडलेलं बरं. मोठ्या कोडवर चालवलं की हजारो इशारे. त्यातले बरेच निरुपद्रवी. माणूस पहिले पन्नास मन लावून बघतो, पुढचे 'ठीक आहे' करत जातो, आणि खरा इशारा नेमका तिथे बसलेला असतो. गावात रोज भोंगा वाजला तर आग लागल्यावर कोण धावणार? पुण्यातल्या टीआरडीडीसीतच यावर बरंच संशोधन झालंय: एकाच मूळ कारणातून आलेले इशारे एकत्र बांधायचे, म्हणजे एक तपासला की बाकीच्यांचा निकाल लागतो. खरा खर्च इथे आहे. साधनं फुकटही मिळतात, सीपीपीचेक आहे, क्लँगचं अ‍ॅनालायझर आहे, जीसीसी कंपायलरमध्येच २०२० पासून तशी सोय आली आहे. महाग आहे तो इशारे वाचणारा जाणकार माणूस आणि त्याचा वेळ. आणि नेमकी तीच गोष्ट सगळ्यात कमी पैशात बोली लावणारा पुरवठादार वाचवणार, हे कुणीही सांगेल.

म्हणून नुसतं 'अहवाल जोडावा' म्हणून भागणार नाही. कुठलं साधन, कुठली आवृत्ती, कुठल्या तपासण्या चालू होत्या आणि कुठल्या बंद केल्या होत्या, हे लिहून मागायला हवं. रकान्याबाहेर जाण्याचे इशारे किती आले, किती दुरुस्त केले, उरलेले निरुपद्रवी का मानले याचं एकेकाचं कारण, आणि खाली जबाबदार इंजिनिअरची सही. फर्मवेअर बदललं की पुन्हा. नाही तर पहिल्या दिवशी स्वच्छ कोड दाखवायचा आणि सहा महिन्यांनी अपडेटमधून काहीही आत यायचं. आणि एखादा अहवाल 'शून्य इशारे' म्हणून आला तर मला तरी त्याचाच जास्त संशय येईल. तपासण्या बंद ठेवल्या की शून्य येतंच. रस्त्याच्या कामात सगळे नमुने शंभर टक्के पास झाले की आपण काय म्हणतो?

रस्त्याचंच उदाहरण घ्या ना. डांबराचा किंवा काँक्रीटचा रस्ता झाला की गाभा काढतात, प्रयोगशाळेत पाठवतात, त्रयस्थ संस्था नेमतात. त्यात घोळ होतात, मी त्यावर वर्षानुवर्षं बातम्या केल्यात. पण निदान पद्धत आहे, कागद आहे, कुणाला तरी धरता येतं. काँक्रीटचे ठोकळे फोडून बघायला आपण इंजिनिअरिंग कॉलेजकडे जातोच. त्याच कॉलेजात संगणक विभागही असतो. पुण्यात तर सीओईपी आहे, विद्यापीठाचा विभाग आहे, गल्लोगल्ली कॉलेजं आहेत. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा अभियंत्याला हा अहवाल वाचता येणार नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही चुकीची आहे. वाचणाऱ्यांकडे पाठवा. फी द्या. ठोकळे फोडण्याची देता तशी.

पुरवठादार म्हणणार, कोड आमचं व्यापारी गुपित आहे. बरोबर आहे त्यांचं. कोड घरी न्यायची गरजच नाही. त्यांच्या कार्यालयात, त्यांच्या संगणकावर, आपला जाणकार समोर बसवून तपासता येतो. सीसीटीव्हीच्या नियमांत अशी सोय आहेच. 'कोड आमच्याकडेही नाही, आम्ही मीटर बाहेरून आणून फक्त आमचं लेबल लावतो' असं उत्तर काही जणांकडून येईल. तेही निविदा उघडण्याआधी कळलेलं बरं. माझा अंदाज आहे की निम्म्या बोलीदारांची खरी अडचण हीच निघेल.

मी पाणीमीटरच्या त्याच निविदेबद्दल नगरपरिषदेकडे माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. तीन प्रश्न आहेत. मीटरमधला फर्मवेअर कुणी लिहिला? त्याचं स्टॅटिक अ‍ॅनालिसिस झालं असेल तर अहवालाची प्रत द्यावी. आणि करारात फर्मवेअर बदलताना पुन्हा तपासणीची अट आहे का? ज्यांना आपापल्या नगरपरिषदेत, पालिकेत, बाजार समितीत हाच अर्ज टाकायचा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये निरोप ठेवावा, मसुदा पाठवतो. दहा रुपयांचं तिकीट लागतं. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं की जसंच्या तसं इथे टाकीन.